बागेत मीठ फेकले त्या दिवशी

मी एक जुनी गोगलगाय आहे, मित्रांनो. चार पावसाळे पाहिलेली. लुच्च्या माणसाला तुम्ही 'गोगलगाय अन् पोटात पाय' म्हणता. माझा पाय पोटाशीच आहे, त्यात लपवण्यासारखे काय? पण माझा खरा राग वेगळाच आहे. ऐका.

या इंग्रजी अमदानीत नागपूरची संत्री रेल्वेने दूरदूर जातात. महादेवरावांच्या अशाच एका संत्र्याच्या बागेत, ओल्या पाचोळ्याखाली, मी अंड्यातून निघाले. पाठीवर काचेसारखा पातळ शंख. उन्हाळ्यात शंखाच्या तोंडाला पापुद्रा लावून मी निजायची, ओल आली की उठायची. कुजका पाचोळा खायचा आणि त्याची माती करायची, हेच माझे काम. आमची कुळे पुष्कळ. कुणी तांदळाच्या दाण्याएवढी, कुणी लांबट मळसूत्री, कुणी चक्क भाऊबंदांनाच खाणारी. बिनशंखाची एक चुलत बहीणही होती. पाखरे आमचे शंख टिपत. त्यातल्या चुन्याने त्यांची अंडी टणक होत. काजव्यांच्या अळ्या तर आम्हालाच खाऊन वाढत. आम्ही कधी कुरकुरलो नाही.

एका श्रावणात संत्र्याच्या कोवळ्या कलमांची पाने कुरतडलेली दिसली. महादेवराव आले, त्यांनी पाचोळ्यात आम्हाला पाहिले, आणि चौकशी तिथेच संपली.

"कवडू," ते गड्याला म्हणाले, "इतवारीच्या बाजारातून मिठाची पोती आण. ही लिबलिबीत जात संपवून टाक."

कलमे सांभाळणारी वच्छला पुढे झाली. तिने एक पान उलटून हिरवी अळी दाखवली. "हे पाहा जी मालक, पानं ह्या अळ्या खाऊन राहिल्या. एखादा कोंब गोगलगाईनं खाल्ला असंल, नाही नाही म्हणत मी. पण मिठानं तं कलमंच मरतीन!"

"तुले कोणी इचारलं वं?" महादेवराव गरजले.

कवडूने मीठ फेकले. मित्रांनो, मीठ अंगावर पडले की आमच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते. माझी चुलत बहीण फेस होऊन विरली. तिला लपायला शंखही नव्हता. तांदळाएवढ्या कुळातल्या तर कुणाला दिसल्याच नाहीत. जगताना नाही, मरतानाही नाही.

वच्छलाने हाती लागल्या तेवढ्या गोगलगाई टोपलीत भरल्या. त्यांत मी होते.

"मी काय करू वं बाई? मालकाचा हुकूम हाय," कवडू पुटपुटला.

"हात तं तुयेच हायेत ना गा?" ती म्हणाली, आणि आम्हाला नाल्याकाठच्या उंबराखाली सोडून आली.

पाऊस पडला, मीठ मुळांत उतरले. अळ्या पानांवर मजेत होत्या. दसऱ्यापर्यंत एकही कलम जगले नाही. मग महादेवरावांनी दोष कुणाला दिला? वच्छलाला! 'तुयीच नजर लागली' म्हणत तिला कामावरून काढले. कवडू मेलेली कलमे उपटत राहिला.

जाताना वच्छला उंबराखाली आली. आम्हाला पाहून म्हणाली, "जगा वं बायांनो." मग रडली. तिच्या डोळ्यांतले पाणीही खारटच, पण ते तिने पदराने टिपले; आमच्यावर एक थेंब पडू दिला नाही.

मित्रांनो, मला तुमची कीव नको. आम्ही सुंदर नाही म्हणून आम्हाला मारू नका, एवढेच सांगते. आणि चूक तुमची असेल, तर निदान ती तुमची म्हणा.