ओठबोली

आज काय वाटेल ते होवो, पोरीला तोंडावर ‘नाही’ म्हणायचं, असं ठरवूनच आत्या घरातून निघाली होती. आज शुक्रवार. रविवारी सकाळी सामान हलवायला टेम्पो येणार. म्हणजे आज जीभ टाळूला चिकटली की पुढचं सगळं आयुष्य भाचीच्या घरातल्या त्या नव्या खोलीत. खोली चांगली होती हो, नाव ठेवायला जागा नव्हती. भिंतींना फिकट हिरवा रंग, आत्याच्या आवडीचा, आणि तो भाचीने स्वतः शिडीवर चढून लावलेला. तिथेच तर सगळी गोम होती. वाईट खोलीला नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो?

भाचीला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी टिकायची नाही म्हणून पडलेलं नाव. आता ऑफिसात चार माणसं तिच्या हाताखाली होती, तरी नाव काही सुटलं नव्हतं. ती जेमतेम शाळेत जायला लागली होती तेव्हा तिची आई गेली. बाप, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, कामासाठी लांब निघाला आणि दारात उभा राहून म्हणाला, “ताई, थोडे दिवस बघशील ना हिच्याकडे?” आत्याने मान हलवली. ते थोडे दिवस पोरीच्या लग्नापर्यंत पुरले.

लग्न होऊन वर्ष झालं. पहिले काही आठवडे आत्याला घर खायला उठलं, हे खरं. पण मग एका संध्याकाळी तिने खिडकीत उभ्याउभ्याच जेवण उरकलं, अर्ध्या पलंगावर शिवणाचे तुकडे पसरून ठेवले आणि रेडिओ हवा तेवढा मोठा केला. कुणी काही म्हटलं नाही. म्हणायला कुणी नव्हतंच! आत्याला इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच लाज वाटली. हे सुख कुणाला सांगायची सोय नव्हती. आणि भिंगरी तर रोज फोनवर हळहळायची, “एकटी कशी गं राहतेस तू?”

जावई दर शुक्रवारी संध्याकाळी ज्या हॉटेलात गिटार वाजवायचा, तिथे आज दोघी जेवायला आल्या होत्या. भिंगरीच्या हिशेबी ही सामान हलवण्याआधीची छोटीशी पार्टी. हॉटेल बेताचंच. एका बाजूला बारचा काउंटर, मध्ये दाटीवाटीने टेबलं आणि समोर चार खाटांएवढं स्टेज. त्यावर गाणारी बाई, ड्रमवाला आणि कोपऱ्यात आपला जावई. जागा मोठी दिसावी म्हणून स्टेजमागच्या भिंतीला लांबलचक आरसा लावलेला. जावयाने मोठ्या कौतुकाने आत्याला पहिल्या टेबलाशी बसवलं होतं, थेट स्पीकरच्या तोंडाशी. प्रेम उतू गेलं की माणसं असं काहीतरी करतात.

“सूप मागवू ना?” भिंगरी तिच्या कानाशी ओरडली.

“ओरडतेस कशाला?” आत्या म्हणाली, पण आवाज न काढता. नुसते ओठ हलवून.

भिंगरी हसली. तिनेही आवाज बंद केला आणि ओठांनी म्हणाली, “विसरलेच.”

बाकीची मंडळी एकमेकांच्या कानात बोंबलत होती, आणि या दोघी निवांत गप्पा मारत होत्या. आवाजाचं आत्याला काय कौतुक! उभी हयात कापडाच्या कारखान्यात, मागांच्या हॉलमध्ये गेलेली. तिथे शंभर माग एकदम धडधडायचे, सूत नेणारे धोटे इकडून तिकडे आपटायचे. शेजारी उभ्या बाईने गळा फाडला तरी ऐकू यायचं नाही. म्हणून बायका ओठांनी बोलायच्या. कुणाच्या सासूने काय म्हटलं, कुणाचं पोर आजारी आहे, मुकादम कसा चालतो, सगळं हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बिनबोभाट पोचायचं. याला त्या ओठबोली म्हणायच्या. आत्याने ती भिंगरीलाही शिकवली होती. मग पाहुण्यांनी भरलेल्या खोलीत दोघी पाहुण्यांचीच टिंगल करायच्या आणि कुणाला पत्ता लागायचा नाही.

ओठबोलीचा नियम एकच. समोरच्याकडे बघायचं. भिंगरी लहानपणी रागावली की डोळे गच्च मिटून घ्यायची. झालं, बोलणं बंद! मग ओरडून उपयोग नसायचा. आत्याला ताट हातात घेऊन ती डोळे उघडेपर्यंत उभं राहावं लागायचं.

सूप आलं. भिंगरी टेम्पोबद्दल सांगू लागली. पलंग आधी चढवायचा, भांडी खोक्यांत भरायची. आत्या मान हलवत होती. हलवायला मानेला काय जातं! प्रत्येक हलण्यासरशी पलंग, भांडी, रेडिओ एकेक करून घराबाहेर निघाले होते. “आणि माझं ते बुटकं कपाट?” भिंगरीने विचारलं. आत्याने त्यालाही मान हलवली, आणि मग तिला स्वतःचाच असा राग आला म्हणता!

नवं गाणं सुरू झालं. भिंगरी नवऱ्याकडे बघायला वळली. आत्याही स्टेजकडे तोंड करून बसली आणि मनात वाक्य जुळवू लागली. एकदा नीट बसवलं की म्हणून टाकू. आणि जुळवता जुळवता, इतक्या वर्षांची सवय, ओठ आपोआप हलायला लागले. “भिंगरे, मला नाही यायचं तुझ्याकडे राहायला. तू वाईट वाटून घेऊ नकोस. मला माझ्या घरात एकटीला बरं वाटतं गं.” छे, ‘बरं’ नको, भलताच अर्थ निघेल. तिने पुन्हा सुरुवात केली, “मला नाही यायचं...”

तेवढ्यात तिचं लक्ष आरशाकडे गेलं. गिटारवाल्या जावयाच्या खांद्यावरून, आरशातून, भिंगरी टक लावून तिच्या ओठांकडे बघत होती.

मेले, आत्याच्या मनात आलं.

भिंगरी वळली. चेहरा पांढरा पडला होता. “मघापासून मान कशाला हलवत होतीस मग?”

“सवय गं.”

“आणि मी रंग लावत होते तेव्हा?”

“तेव्हाही सवयच.”

“एकटीला बरं वाटतं?” भिंगरीचे ओठ थरथरत होते. “म्हणजे मी होते तेव्हा बरं वाटत नव्हतं. नकोशी होते मी.”

आत्याने चमचा खाली ठेवला. मागे गाणारी बाई जीव तोडून गात होती, ड्रमवाला घामाघूम झाला होता, शेजारच्या टेबलावर वाढदिवस चालला होता. एवढ्या गलक्यात दोघींचं कडाकडा भांडण चाललं होतं आणि कानोकान कुणाला खबर नव्हती.

“हे बघ,” आत्या म्हणाली, “मला कधी कंटाळा आला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. खूपदा आला. दमून यायचे, स्वयंपाक नको वाटायचा, वेणी घालणं नको वाटायचं. पण तू नकोशी कधीच नव्हतीस. एक दिवस नाही. तुझा बाप तुला न्यायला आला असता तर मी दार उघडलं नसतं.”

पण हे शेवटचं भिंगरीने पाहिलंच नाही. तिने डोळे गच्च मिटून घेतले होते. अगदी तश्शीच, नाकाला सुरकुत्या पाडून. आता हिच्या हाताखाली चार माणसं काम करतात म्हणे!

आत्या थांबली. दुसरा इलाज नव्हता. सूप गार झालं. वेटरने वाकून मोठ्याने विचारलं, “मॅडमना बरं नाही का?”

“रुसलीय,” आत्या त्याच्या कानात ओरडली. “होईल ठीक.”

गाणं काही केल्या संपेना. आत्या त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली, आणि काय झालं कोण जाणे, तिचेच डोळे भरून आले. ताट घेऊन किती वेळा उभी राहिले असेन हिच्यासमोर, आणि एकदाही ताट ठेवून निघून गेले नाही, असं काहीसं तिच्या मनात आलं.

भिंगरीने डोळे उघडले. काहीतरी म्हणाली. आत्याला ते वाचताच येईना. डोळ्यांत पाणी आलं की ओठ विरघळतात नुसते. तिने पदराने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले.

“दिसत नाहीये मला,” ती म्हणाली. “मोठ्याने बोल.”

भिंगरीने श्वास घेतला आणि जिवाच्या आकांताने ओरडली. नेमकं त्याच क्षणी गाणं संपलं.

“मग मला भीती वाटली तर मी कुठे जाऊ?”

सगळं हॉटेल गप्प झालं. केकवर सुरी धरलेली बाई तशीच राहिली. जावयाचा हात तारांवर थांबला. भिंगरी कानापर्यंत लाल झाली.

आत्या तिच्याकडे बघत राहिली. इतके दिवस या पोरीने आत्याच्या एकटेपणाची काळजी म्हणून जे जे सांगितलं होतं, त्यातला एकटेपणा खरा कुणाचा होता हे तिला आत्ता कळलं. उत्तर तिने घरून आणलेलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

“माझ्याकडे ये की! अगं, मीच तुझ्या घरी येऊन बसले तर तुला माहेर कुठलं उरणार? नवऱ्याशी भांडून कुठे जाशील, पलीकडच्या खोलीत?”

जावई माइककडे वाकला. “आत्या, मी कुठे भांडतोय?”

“आज नाही. पुढेमागे भांडशील की.”

हॉटेल खळखळून हसलं. ड्रमवाल्याने तेवढ्यात झांज वाजवून घेतली. भिंगरी हसली, आणि हसता हसता रडली, आणि आत्याचा हात तिने असा धरला की बांगडी रुतली. आत्याने हात सोडवून घेतला नाही.

पुढचं गाणं सुरू झालं. गाणं संथ होतं, पण स्पीकरपाशी सगळंच मोठं. भिंगरीने नाक पुसलं आणि आवाज न काढता विचारलं, “टेम्पोवाल्याला काय सांगू?”

आत्याला आता नीट दिसत होतं. “येऊ दे त्याला. तुझं ते बुटकं कपाट तरी घेऊन जा. वर्षभर अडगळ झालीय नुसती.”

भिंगरीने मान हलवली, आडवी.

“राहू दे,” तिचे ओठ म्हणाले. “माहेरी असू दे ते.”