ताठा आणि फेस

"सोडणार नाही त्याला! तोंडाला फेस आणीन!"

क्वीन्सटाउनच्या त्या फ्लॅटमध्ये रोजचा चहा चारुदत्तच्या याच वाक्यावर उकळायचा. ज्या रुचिरला चारुदत्तनं पुण्याहून इकडे परदेशात बोलावून घेतलं, हाताला धरून काम शिकवलं, त्यानंच चारुदत्तचं आठ महिन्यांचं काम स्वतःच्या नावावर खपवलं आणि त्याचाच साहेब होऊन बसला. तेव्हापासून चारुदत्तचं जेवण म्हणजे बुओना व्हिस्टाच्या ऑफिसात, टेबलावरच, कपातल्या नूडल्स आणि वर घरचं लोणचं. डोकं ठणकलं की पेनकिलर. रुचिरच्या लबाडीचे ईमेल मात्र त्यानं एकेक करून वेचले होते, पहाटेची फुलं वेचावीत तसे.

गुरुवारी दहाला मोठे साहेब येणार होते. सगळ्यांसमोर ते ईमेल उघडायचे!

गुरुवारी दहाचीच पॉलिक्लिनिकची अपॉइंटमेंट होती. रक्तदाब जास्त, लघवीत प्रथिनं, पुन्हा तपासा, असं आधीच्या तपासणीच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं. दोनदा त्यानं ती पुढे ढकलली होती. आजारी दिसलो तर रुचिर हसेल ना!

बुधवारी संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या अरुणामावशी अळूवड्या घेऊन आल्या. तीस वर्षं डायलिसिसच्या वॉर्डात नर्स होत्या त्या.

"मावशी, क्लीनर तीनदा बदललं," चारुदत्तची बायको नीता वैतागून म्हणाली, "तरी कमोडमधला फेस जात नाही हो. चारू जाऊन आला की असतोच."

मावशींचा हात डब्यावरच थांबला. "चारू, तपासणीचा रिपोर्ट असेल तो आण."

"गुरुवार होऊ दे, मावशी. एकदा त्याच्या तोंडाला फेस आणतो, मग..."

"त्याच्या तोंडाला यायचा तेव्हा येईल. तुझा आला की रे कमोडमध्ये!"

नीताला हसू फुटलं. पण रिपोर्ट वाचणाऱ्या मावशींचा चेहरा पाहून ते ओठांतच विरलं.

"प्रत्येक फेस वाईट नसतो," मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "पण हा कागदही तेच सांगतोय. रक्ताची नळी कशी, कोवळ्या वेलीसारखी लवचीक हवी. दाब वाढत गेला की ती ताठते. मग प्रत्येक ठोका मूत्रपिंडाच्या नाजूक जाळीवर आदळतो, आणि प्रथिनं गळायला लागतात. त्यात नूडल्स-लोणच्यातलं तुझं मीठ, तुझ्या त्या पेनकिलर गोळ्या! दुखत नाही, खुपत नाही रे. दुखेपर्यंत थांबलेली माणसं मी पाहिलीत, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला जोडलेली."

"मग काय, त्याला सोडून देऊ?" चारुदत्त ओरडला.

"नको सोडूस. पण पाप त्याचं आणि शिक्षा तुझ्या मूत्रपिंडांना? कळलं तर पेढे वाटेल तो!"

हे मात्र वर्मी लागलं!

गुरुवारी दहाला चारुदत्तच्या दंडावर रक्तदाबाचा पट्टा आवळला जात होता. खिशात फोन थरथरला. 'कुठे आहेस? साहेब विचारतायत.' रुचिरच. दात-ओठ खात त्यानं फोन बंद केला.

"वेळेत आलात," डॉक्टर म्हणाल्या. औषध सुरू, मीठ कमी, पेनकिलर बंद. तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

रुचिरविरुद्धची तक्रार त्यानं पुढच्या आठवड्यात रीतसर लिहिली. आवाज न चढवता.

मंडळी, मान खुशाल ताठ ठेवा, पण तो ताठा नळ्यांत उतरू देऊ नका. रक्तदाब मोजा, लघवी तपासा, रिपोर्ट ड्रॉवरमध्ये दडवू नका.

चारुदत्तचा राग गेला का? छे! पण रोज सकाळी गोळी घेताना तो स्वतःशीच पुटपुटतो, "पेढे वाटायची संधी नाही देणार तुला, रुचिर!"