मावशींचं उघडं बिल

बिलाच्या मशीनचा दुरुस्तीवाला चार वाजता आला, तेव्हा मावशी कोठीच्या दाराशी पिठाच्या पोत्यावर बसल्या होत्या. चौदा वर्षं हॉटेलचं काउंटर सांभाळलेली बाई. आज कुणी खुर्ची पुढे केली नव्हती.

"रोज साडेतीन ते चार सगळ्या टेबलांची बिलं निम्म्यावर येतात," मालक म्हणाले. "सवलत पडते ती हिच्या नंबरावर. हिची सुट्टी असली की मशीन शहाण्यासारखं वागतं. आपल्या माणसांना निम्म्यात जेवू घालते, दुसरं काय? आणि गिऱ्हाईक कशाला तक्रार करील?"

"मशीनला मावशींची माया लागलीय," आचारी कढई घासत म्हणाला. वाढपी हसले.

पाच वाजेपर्यंत बिघाड सापडला तर ठीक, नाहीतर मावशींनी चोर म्हणून घरी जायचं, असं मालकांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं. खरं काय ते देवाला माहीत होतं. पण देव काही पडद्यावर बोट ठेवून दाखवत नाही. ते काम दुरुस्तीवाल्याकडे आलं.

त्याने दरांचे नियम एकेक करून उघडले. दुपारची सवलत बंद. शनिवारची बंद. कामगारांच्या जेवणाची मात्र चालू, निम्मा दर. हा नियम त्यानेच दीड वर्षापूर्वी बसवला होता.

"कामगारांचं जेवण मशीनवर कोण मारतं?"

आचारी म्हणाला, "इथं कोण मारतंय? ताट वाढायचं, खायचं, मोकळं व्हायचं."

"मी मारते," कोठीच्या दारातून आवाज आला. "साडेतीनला बिल उघडते, जेवते, ताट विसळून आले की पैसे टाकून बंद करते."

"आधीच का नाही बंद करत, मावशी?"

"आधी कसं करू, बाबा? पुन्हा वाढून घेतलं तर?"

दुरुस्तीवाल्याने नियमाची अट वाचली. कामगाराचं बिल उघडं असेपर्यंत निम्मा दर. 'त्या बिलापुरता' एवढं लिहायचं तो विसरला होता. मावशी जेवत तोवर सगळं हॉटेल त्यांच्याबरोबर निम्म्यात जेवत होतं. बाकीच्यांनी आपलं जेवण कधी मारलंच नाही, म्हणून त्यांच्यावर आळ आला नाही.

मशीन जुनं झालंय, असं म्हणून गुपचूप दुरुस्त करता आलं असतं. खरं सांगितलं तर या हॉटेलचं काम हातचं जाणार हे त्याला दिसत होतं. त्याने मावशींकडे पाहिलं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "मावशींचं बिल उघडं असलं की सगळ्यांनाच निम्मा दर लागतो, असा नियम मी लिहिला. आजही तीच चूक चालू आहे. मावशींना अर्ध्या जेवणावरून उठवलंत ना? त्यांचं बिल अजून उघडं आहे."

"हळू बोल, गिऱ्हाईक बसलंय," मालक पुटपुटले.

"त्यांना चोर म्हणालात तेव्हाही बसलं होतं."

मालक कोठीच्या दाराकडे वळले. "झालं गेलं सोडा, मावशी. या, बसा काउंटरवर."

मावशी उठल्या. सुकलेलं उष्टं त्यांनी टाकलं, ताट विसळून पालथं घातलं. काउंटरवर येऊन निम्मे पैसे मोजून गल्ल्यात ठेवले आणि बिल बंद केलं. पडद्यावर तीन नंबरच्या टेबलाचा आकडा एकदम दुप्पट झाला. मग गळ्यातलं कामाचं कार्ड काढून त्यांनी खिळ्याला अडकवलं.

"अहो, सुटलात की तुम्ही," आचारी ओशाळून म्हणाला.

"सुटले."

"मग उद्या?"

"उद्यापासून तुमचं ताट तुम्ही मारा."

त्या मागच्या दाराने गेल्या.

दुरुस्तीवाल्याने अटीत ते दोन शब्द घातले आणि तीनदा तपासून पाहिलं. नियम आता बिनचूक चालत होता. पण आपलं जेवण मशीनवर मारणारं माणूस त्या हॉटेलात उरलं नव्हतं.