इसोएवहिनीच्या होडीवरचा पाहुणा

"मासळी देशील का रे बाबा?" इसोएवहिनीने पाण्याकडे बघत विचारलं आणि ती थांबली.

होडीच्या डाव्या अंगाला एक माणूस पालथा तरंगत होता. बुडालेला अनोळखी माणूस म्हणजे आम्हा जपानी कोळ्यांसाठी एबिसू, मासळीचा देव. त्याला मुकाट्याने उचलत नाहीत. एकाने विचारायचं, दुसऱ्याने मेलेल्याच्या वतीने 'देईन' म्हणायचं, मगच वर घ्यायचं. पण वहिनी होडीवर एकटीच होती. नवरा सेनजी याच समुद्रात गेला तो सापडलाच नाही, तेव्हापासून ती एकटीच होडी काढायची.

मी शेजारी तोराहेईदादाच्या होडीवर होतो. बाईने होडी हाकली की मासळी पळते, असं हा दादा बंदरभर सांगत फिरायचा.

"वहिनी, पोलिसांची बोट बोलाव!" तो ओरडला.

"ती येईस्तोवर वाहून जाईल हा."

"मग जाऊ दे! तुझा कोण लागतो?"

"माझाही असाच कुणाच्या तरी होडीजवळ आला असेल, तोराहेई. तेही 'जाऊ दे' म्हणाले असतील का?"

समोर बांगड्याची झुंड निसटत होती. वहिनीने पुन्हा विचारलं, "मासळी देशील का?" आवाज जरासुद्धा हलला नाही.

दादाने टोपी काढली. "देईन!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "भरपूर देईन, आता घे मला वर!" आणि माझ्यावर खेकसला, "बघतोस काय? दोर टाक!"

त्या दिवशी मला आमच्या बंदराचा फार अभिमान वाटला. बांगडा मात्र हातचा गेला.

पुढे काहीच उलगडलं नाही. त्या माणसाच्या कपाळावर जखम होती, पण तो पडला की कुणी ढकलला, पोलिसांना कळलं नाही. त्याची चौकशी करायलाही कुणी आलं नाही. दहन झाल्यावर नगरपालिकेतले कुगासाहेब म्हणाले, "अस्थी आम्ही ठेवून घेऊ."

"का म्हणून? होडी माझी, पाहुणा माझा."

"बाई, हा तुमचा नवरा नव्हे."

"ठाऊक आहे. माझा एवढा उंच नव्हता."

सेनजीच्या थडग्यात इतकी वर्षं नुसते त्याचे रबरी बूट होते. अस्थी घेऊन वहिनी तिथे ताठ मानेने गेली. आम्ही मागोमाग. दादाच्या हातात टोपलीभर बांगडे.

"हे घे. तुझ्या पाहुण्यानं पाठवलेत."

"तू कशाला देतोस?"

"त्याच्या वतीनं शब्द मी दिलाय ना!"

वहिनीने एक बांगडा उचलून पाहिला. "बारीक आहेत."

"नवीन आहे गं तो, शिकेल."

ती हसली. मग डोळे पुसून तिने दगड सरकवला, बुटांशेजारी अस्थींचा कलश ठेवला आणि आत वाकून म्हणाली, "सरका हो जरा. पाहुणा आलाय."