जास्तीची खुंटी

आईच्या वाढदिवसाला बैठकीच्या खोलीत खुर्च्यांचं रिंगण मांडलं होतं. इथं वाढदिवसाचं अभिनंदन घरच्यादारच्या सगळ्यांचं करायची पद्धत, म्हणून येणारा प्रत्येक जण दारापासून सुरुवात करून रिंगणातल्या प्रत्येकाचा हात हलवत होता. "बहिणीबद्दल अभिनंदन." "शेजारणीबद्दल अभिनंदन." बारा वर्षांच्या नीन्केलाही "आईबद्दल अभिनंदन" मिळालं, जणू आईला तिनंच लहानाचं मोठं केलं होतं. मग सगळ्यांना कॉफी आणि केकचा एकेक तुकडा मिळाला आणि उरलेला केक आत गेला.

एव्हाना हवेबद्दल बोलून झालं होतं. पुढे काय, असा प्रश्न पडलेला असताना नीन्केच्या बाबांनी, वाउटरनं, तोंड उघडलं.

"आमच्या नीन्केनं स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर जुळवलाय. फक्त तो सुरू होत नाही."

रिंगणात एकदम जीव आला. कपबश्या बाजूला सरकल्या, नीन्केच्या खोलीतली कॉम्प्युटरची पेटी खाली आली आणि रिंगणाच्या मधोमध टेबलावर बसली. नीन्केनं बटण दाबलं. आतला पंखा अर्धा फिरला आणि थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"पॉवर सप्लाय," हार्ममामा खुर्चीतूनच म्हणाला. तो एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होता. लोक पासवर्ड विसरले की तो त्यांना नवा देत असे. "आत बघायचीसुद्धा गरज नाही."

"माझा फ्रीज असाच करायचा," टिनेकेमावशी म्हणाली. "एक थापट दिली की गप चालायचा."

"पाणी कुठं अडलंय ते आधी बघा," शेजारचे रूलोफआजोबा म्हणाले. त्यांनी सगळी नोकरी कालव्याच्या दरवाज्यांवर काढली होती.

"एका वेळी एकच गोष्ट बदलू या का?" नीन्के म्हणाली. "नाहीतर कशानं फरक पडला ते कळणार नाही."

"अगदी बरोबर बोलतेस, बाळा," मामा म्हणाला आणि त्यानं दोन वायरी उपटल्या.

आता या घरात कुणाचंही मत डावललं जात नाही. प्रत्येकाचं ऐकून घ्यायचं, सगळ्यांना पटेल असं काहीतरी काढायचं, ही इथली रीत. सगळ्यांना पटलं ते असं, की सगळ्यांचं थोडं थोडं करावं. म्हणून मामानं वायरी बदलल्या, आजोबांनी मेमरीच्या पट्ट्या इकडच्या तिकडे केल्या, बाबांनी आतली धूळ पुसली, जी नव्या पेटीत नव्हतीच, आणि मावशीनं थापट दिली. मग नीन्केनं बटण दाबलं.

या वेळी पंखा हललाही नाही. सगळ्यांनी मिळून केलं असल्यामुळे हे कुणी केलं, हा प्रश्नच उरला नाही.

"बिघाड खोलवर गेलेला आहे," मामा म्हणाला. "जाताना मी गाडीत टाकून नेतो. नीट करून आणतो."

मागे ब्रेक कुरकुरतो म्हणून मामानं नीन्केची सायकल अशीच नेली होती. परत आली ती दुसरी सीट, दुसरं हँडल आणि करडा रंग घेऊन. चालायची छान, पण नीन्केला ती कायम कुणाची तरी मागून आणल्यासारखी वाटायची. या कॉम्प्युटरचा एकेक भाग तिनं सबंध हिवाळा वाचून, विचारून निवडला होता. तो पहिल्यांदा जिवंत होईल तेव्हा बटणावर तिचं बोट हवं होतं. मामाच्या घरी ते बोट मामाचं असणार होतं.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली, बटाटे उकडायला ठेवले आणि परत येऊन जेवणाच्या टेबलावर ताटल्या मांडायला लागली. एक. दोन. तीन. मग शांतपणे काटे-सुऱ्या.

रूलोफआजोबांची नजर तिसऱ्या ताटलीवर गेली. चौथी येईना. "बराच वेळ बसलो की," ते म्हणाले. मावशीनं पर्स उचलली. आग लागल्याची घंटा वाजती तरी इतक्या झटपट कोट अंगात चढले नसते. कुणाला वाईट वाटलं नाही; आधी बोलावलेलं नसेल तर इथं जेवायला कुणी थांबत नाही. ताटल्या तीन म्हणजे माणसं तीन.

मात्र मामानं कोट घालून पेटी काखेत मारली.

"मामा, ते खाली ठेव," नीन्के म्हणाली.

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"माहितेय. तू चांगल्या मनानं नेतोयस. पण तो माझा आहे, आणि मला तो तू सुरू करून द्यायला नकोय."

आईच्या माहेरची माणसं मनातलं तोंडावर बोलणारी. याचा त्यांना मोठा अभिमान. एकमेकांचं वजन, पडदे, लग्नं, सगळ्यावर त्यांनी आजवर मोकळेपणानं बोलून घेतलं होतं. पण हार्मला कुणी काही तोंडावर सांगावं, ही सोय त्यात नव्हती. सगळे आपापल्या कोटाची बटणं बघायला लागले.

"वाउटर, तुझ्या मुलीला काही सांग," मामा म्हणाला.

बाबा बटाटे बघायला गेले.

"माझीही मुलगी आहे ती," आई म्हणाली. "ठेव ते, हार्म. आज वाढदिवस माझा आहे."

मामानं पेटी ठेवली. "नाही चालला तर मला फोन करू नका."

"करीन," नीन्के म्हणाली. "चालला तरी करीन."

दार लागलं. नीन्केनं वीज काढून आधी सगळ्यांची मदत उपसून काढली आणि वायरी, पट्ट्या जागच्या जागी बसवल्या. मग मदरबोर्डच पेटीतून बाहेर काढून कोऱ्या पुठ्ठ्यावर ठेवला. जोडलं फक्त अत्यावश्यक तेवढं. वीज लावून बटणाची वायर बसते त्या दोन बारीक टोकांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवलं. पंखा फिरला आणि फिरतच राहिला.

"म्हणजे चालतोय," बाबा म्हणाले.

"पुठ्ठ्यावर चालतोय. पेटीत नाही. म्हणजे दोष पेटीत." तिनं पेटी दिव्याखाली आडवी धरली. बोर्ड तळापासून उचलून धरायला पितळी खुंट्या होत्या. बोर्डाला भोकं नऊ, खुंट्या दहा. दहावी बोर्डाच्या पाठीला नको तिथं टेकून शॉर्टसर्किट करत होती.

"ही कुणी लावली?" आईनं विचारलं.

"मी. मला वाटलं, जितका जास्त आधार तितकं बरं."

तिनं ती खुंटी काढली, बोर्ड परत बसवला, खोलीतून कॉम्प्युटरचा पडदा आणून जोडला. बाबांचा हात एका स्क्रूकडे निघाला होता. आईनं तो अलगद धरून आपल्या मांडीवर ठेवून घेतला.

नीन्केनं बटण दाबलं. पंखा फिरला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली.

आईनं चष्मा लावून वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. "चालवण्यासारखं काही सापडत नाही, म्हणतोय. अजून बिघाड आहेच की गं."

"नाही आई. त्याच्यात मी अजून एकही प्रोग्रॅम घातलेला नाही. काय चालवू, असं विचारतोय." नीन्केनं खुर्ची पुढे ओढली. "तुम्ही जेवायला बसा. मी आलेच."