जळकी व्हॅन

जळालेली गाडी शेडमध्ये आलेली अंजनाला आवडत नसे. अपघाताच्या गाडीचं तिला एवढं वाटत नसे, पण करपलेल्या सीटांचा वास नाकात बसला की दोन दिवस घास उतरत नसे. तिचा नवरा धम्मपाल हसायचा. "वरचं जळतंय गं. खालचं लोखंड तसंच ऱ्हातंय की."

शाहूपुरीच्या एका मागच्या गल्लीत त्यांची पत्र्याची शेड होती. मोडक्या गाड्या घ्यायच्या, त्यांतले चांगले भाग काढून गॅरेजवाल्यांना विकायचे, हा दोघांचा धंदा. तो पाने फिरवायचा, ती सुटे भाग धुऊनपुसून लावून ठेवायची.

ही व्हॅन हुपरीच्या कृष्णातची. तो हुपरी-कोल्हापूर वडाप करायचा, सीटवारी प्रवासी न्यायचा. वायरिंगनं पेट घेतला आणि पुढची बाजू कोळसा झाली. लोकांनी माती-पाणी मारून मागची वाचवली. सौदा करताना धम्मपालनं विचारलं होतं, "गॅसवर चालवत हुतासा काय, पावणं?"

"छ्या! पेट्रोलवर हाय गाडी," कृष्णात म्हणाला होता.

त्या दुपारी व्हॅन शेडमधल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर, लाकडी ठोकळ्यांवर टेकवून उभी होती आणि धम्मपाल खाली उतरून मागचा एक्सल सोडवत होता. बोल्ट जाम बसलेले. तो हातोड्यानं ठोके घालत होता. त्याच्या डोक्याजवळ तारेच्या जाळीतला विजेचा दिवा टांगलेला. शेजारच्या शेडमध्ये आकाराम लोखंडी गेट वेल्डिंग करत होता; मधल्या पत्र्याच्या फटीतून निळा लखलखाट येत होता.

ठोके थांबले, तेव्हा अंजनाला बारीक आवाज आला. सूंऽऽ. टायरची हवा जात असेल असं वाटून ती वाकली. टायर तर आधीच काढलेले होते. आवाज गाडीच्या आतून, मागच्या सीटखालून येत होता. तिनं अर्धवट जळालेला फोम उचलला, खालची फळी सरकवली आणि तिचे हात तसेच राहिले. आत आडवा ठेवलेला घरगुती सिलिंडर होता, धुरानं काळवंडलेला. वरचं प्लॅस्टिक वितळून तोंडाला चिकटलेलं. ठोक्यांच्या हादऱ्यानं त्यातला एक तुकडा सुटून तोंड उघडं पडलं होतं.

करपट वासाखाली दुसरा वास होता. घरात शेगडी लावताना येणारा.

गॅस जड असतो, खाली साठतो, हे एजन्सीवाल्यानं जोडणी देताना सांगितलेलं तिला आठवलं. खाली खड्डा होता. खड्ड्यात धम्मपाल होता, आणि पेटलेला दिवा.

"अवो, वर या!"

"काय झालं? एकच बोल्ट ऱ्हायलाय..." त्याचे शब्द जड येत होते. दिवा घेऊन वर यावं म्हणून त्यानं हात उचलला.

"दिव्याला हात लावू नगासा! गॅस हाय! पाना तिथंच सोडा!"

पाना खाली पडला तर ठिणगी उडेल, हे तिला बोलून झाल्यावर सुचलं. "सोडू नगा! हळू ठेवा. हळू." तो तिच्याकडे नुसता बघत राहिला, मग कसाबसा वाकला. शेजारी निळा उजेड पुन्हा लखलखला.

"आकारामभाऊ! वेल्डिंग बंद करा! पाया पडते, बंद करा!"

उजेड थांबला. धम्मपाल पायरीवर चढला आणि घसरला. त्याचं डोकं दिव्याच्या जाळीला लागलं, दिवा झोके घेऊ लागला. बल्ब फुटला की संपलं. अंजना खड्ड्याच्या काठावर पालथी झाली, त्याची कॉलर दोन्ही हातांनी धरली आणि ओढू लागली. ती 'बुद्धं सरणं' म्हणत होती, पुढची ओळ तिला आठवत नव्हती. आकाराम धावत आला, बगलेत हात घालून त्यानं धम्मपालला वर खेचलं. तिघं फरफटत गल्लीत आले.

"मेन बंद करा, रस्त्याकडचं!" अंजना म्हणाली.

दोन्ही शेडचं मेन गल्लीच्या तोंडाशी होतं. आकाराम पळाला. अंजना लांबूनच खड्ड्याकडे बघत राहिली. झोके कमी होत होते, पण दिवा जळत होता. तिला डोळे मिटता येईनात. मग खड्ड्यात एकदम अंधार झाला. ती रस्त्यावरच बसली.

गल्लीतल्या बायकांनी पोरं आत ओढली. गॅस एजन्सीचा माणूस आला. सिलिंडर मोकळ्यावर नेईपर्यंत दिवस कलला.

तेवढ्यात कृष्णात आला. कुणीतरी फोन केला असावा. धापा टाकत म्हणाला, "त्यो सिलिंडर तेवढा द्या वहिनी. बायकोच्या नावावर हाय, एजन्सीत दावाय लागतोय."

अंजना उठली. "माझा नवरा खाली हुता, पावणं," एवढंच ती म्हणाली.

कृष्णातनं धम्मपालकडे पाहिलं. भिंतीला टेकलेला, पांढराफटक. कृष्णात मागच्या मागे गेला.

घरी आल्यावर अंजनानं भाताला पाणी ठेवलं, काडीपेटी उचलली आणि परत ठेवली. धम्मपालनं तिच्या हातातून ती घेतली. त्यालाही काडी ओढवेना. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून चुरमुऱ्यांचं भडंग आणलं. दोघं उंबऱ्यात बसून खाऊ लागले.

"भ्या वाटलं का वो तुमास्नी?" तिनं विचारलं.

"न्हाय," तो म्हणाला. भडंगाची मूठ भरत म्हणाला, "झोप येत हुती. लई गोड झोप येत हुती, अंजना."

तिनं त्याचं मनगट धरलं, आणि जेवण संपलं तरी सोडलं नाही.