तात्यांच्या घरचा बिनविरोध डीएनए

कळंबच्या जोतीरामतात्यांच्या घरातल्या आठही माणसांचा डीएनए एकच निघाला. दोन मुलगे, दोन सुना, नात संस्कृती, सगळ्यांचा. रिपोर्टनुसार आठही जण पुरुष होते आणि संस्कृतीच्या पायांना काहीही झालेलं नव्हतं.

संस्कृती चौथीत होती आणि बापाच्या पाठीवर बसून शाळेत जायची. गेल्या वर्षी ती कठड्याला धरून जिना चढत होती. बारामतीच्या डॉक्टरांनी हात टेकले. पोरीचा डीएनए आईबापाच्या डीएनएशी ताडून पाहिला, तर बिघाड कुठं आहे ते सापडेल, आजाराला नाव मिळेल, मग औषध आहे की नाही हे तरी कळेल. गावचीच तेजश्री पुण्याच्या प्रयोगशाळेत हेच काम करायची. तिथलं मशीन एका दमात शेकडो माणसं वाचतं. त्यात आठ नळ्यांना जागा मिळवायला तिनं अख्खा पावसाळा साहेबांच्या मागं घालवला होता.

आता ती तात्यांसमोर बसली होती.

"तात्या, नळ्यांत कोण थुंकलं?"

"मीच की."

"सगळ्या?"

"तर. कारखान्याची साखर सगळ्यांच्या कार्डावर मीच आणतो. सोसायटीत सगळ्यांच्या वतीनं मीच बोलतो. थुंकाया काय येगळं लागतंय?"

"संस्कृतीचीसुद्धा?"

"आजारी पोर. तिला कशाला तरास? तू म्हणलीस म्हणून दुपारभर तंबाखूला शिवलो न्हाय. शेवटच्या नळीला तर तोंडाला कोरड पडली. त्याचं कुनाला काय न्हाय."

"ज्याची नळी त्यानं भरायची, असं सांगितलं होतं मी."

"आन सुनांनी सासऱ्याम्होरं थुंकायचं? तू बी हितलीच ना गं?"

ती तिथलीच होती. म्हणून तर 'बायका लाजत्यात, ठेवून जा, सांजच्याला माझ्याकडनं घे' हे तात्यांचं म्हणणं तिला पटलं होतं. चिडायचं कुणावर, हेही तिला नीट ठरवता येईना.

"मंग मशीन काय म्हंतंय?"

"घरात कुणाला काही आजार नाही म्हणतंय."

"बघ." तात्या खूश झाले. "आन सगळ्यांचं एकच निघालं. आमच्यात समदं बिनविरोधच असतं."

कौसल्या, संस्कृतीची आई, चहा घेऊन आली होती. "परत कवा व्हनार?"

"मशीनला जागा आता दिवाळीनंतर, वहिनी."

संस्कृती उंबऱ्यात बसली होती. दोन्ही हातांनी एकेक पाय उचलून आत घेत होती. कौसल्यानं ते पाहिलं, चहा खाली ठेवला आणि तेजश्रीच्या पिशवीतली नळी उचलली.

"आत जाऊन भर," तात्या म्हणाले.

"हितंच भरते. आत गेल्यावर कोन भरंल, सांगता येत न्हाय."

पदर सावरून ती तात्यांसमोर थुंकली. थुंकी नळीवरच्या रेघेपर्यंत यायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ तात्या बंद पंख्याकडं बघत राहिले. मग तिनं दुसरी नळी लेकीच्या तोंडाशी धरली.

दोन्हींची झाकणं लागली, तसे तात्या हळूच म्हणाले, "माझी बी दे की एक."

"तुमचा नमुना आहे, तात्या," तेजश्री म्हणाली. "भरपूर आहे."